चौतिसावी चाल

डावीकडची उभी पट्टी आधी कळली.
खाली पांढरं, वर काळं,
हर्णैच्या धक्क्याच्या खांबावर
भरतीची रेघ जशी चढते, उतरते,
तशी. तेवढ्यासाठी स्वरालीला विचारावं लागलं नाही.

बाकीच्यासाठी लागलं.
हिरवा बाण म्हणजे त्याला सुचलेली चाल.
दोन लाल प्रश्नचिन्हं म्हणजे घोडचूक
(माझी पहिली सातव्या चालीलाच निघाली).
कोपऱ्यातला आकडा वाढत जातो, अठरा, चोवीस, एकतीस.
"ही खोली, काका. जितकी जास्त, तितकं खरं."
वाव, मी म्हटलं. आम्ही वावात मोजतो.
तिनं मान हलवली, स्क्रीनवरून नजर न काढता.

मग मी बर्फ कारखान्याचं पावतीपुस्तक काढलं,
एकोणनव्वद सालचं, दमट हवेनं फुगलेलं.
पावत्यांच्या पाठीवर बशीर खोताशी खेळलेले डाव, पेन्सिलीनं.
त्यातला एक आजवर किती जणांना ऐकवला असेल मी!
चौतिसाव्या चालीला बशीरनं राजा आडवा केला,
उठला, चपला शोधल्या, गेला.

एकेक सोंगटी बोटानं ओढत
तिथवर पोचलो.
पट्टी अर्ध्यावर थांबली.
०.००
खाली बारीक अक्षरांत एक ओळ, वाचायला चष्मा बदलला:
त्याच्या वजिराचा शह, माझा राजा कोपऱ्यात,
पुन्हा शह, पुन्हा बाहेर, पुन्हा कोपरा,
असं जन्मभर.
बत्तीस वावांवरही तेच. स्वराली म्हणाली, अजून थांबा.
थांबलो. एक्केचाळीस. तेच.

रात्री आंजर्ल्याला फोन लावला.
बशीरला हल्ली उजव्या कानानं ऐकू येत नाही,
दोनदा ओरडून सांगावं लागलं:
तू हरला नव्हतास!
"माहीत होतं रे," तो म्हणाला.
"ओहोटी लागली होती. आणखी दहा मिनिटं बसलो असतो
तर होडी खाडीच्या तोंडाशी रुतली असती.
आणि तू काय, बरोबरी कबूल करणारा होतास?"

नव्हतो.

पटाखाली एक रिकामी चौकट आहे.
चालीवर काही लिहायचं असेल तर तिथे, स्वरालीनं दाखवलं होतं.
एक बोट, एक अक्षर. 'ओ' सापडायला वेळ लागला.
काळ्याची चौतिसावी चाल, जी झालीच नाही,
तिच्यापुढे लिहिलं:
ओहोटी.