तिसऱ्या आवर्तनातला खोकला

ऑयस्टर उघडून उघडून
माझ्या बोटांना आता थंडी कळत नाही.
डाव्या अंगठ्यावर सुरीची जुनी खूण.
पहिल्या दिवशी ऑर्विल म्हणाला,
हात जरा कॅमेऱ्याजवळ आण.
मग बराच वेळ काही बोललाच नाही.
मला वाटलं, लाइन गेली.
"चालतील," म्हणाला. "धुतलेस ना?"

माझ्याकडे रविवार, सकाळचे दहा.
शिकागोत त्याच्याकडे अजून शनिवार, दिवेलागण.
म्हणजे मी चुकते उद्या
आणि तो दुरुस्त करतो आदल्या दिवशी.
ब्लफच्या धक्क्यावर हे सांगून कुणाला पटत नाही.

बरोबर वाजवणं आम्हाला जमत नाही.
त्याचा सूर समुद्राखालून इथवर येतो
तोवर माझा शिळा झालेला.
म्हणून त्याने एक फाइल पाठवली:
डबल बेस, ड्रम,
आणि मध्ये कुणीच नाही.
"ते कुणीच नाही म्हणजे तू, मेरेआना."

बारा घरांचा ब्लूज.
ही दोघं कुणासाठी थांबत नाहीत.
मी अडखळले तरी पुढे,
चहा ठेवायला उठले तरी पुढे,
स्वयंपाकघरात उभी राहून ऐकते:
माझ्यावाचून त्यांचं काहीही अडत नाही.

पियानो चर्चच्या बंद हॉलमधला,
चार माणसं आणि एक मासळीचा ट्रक लावून आणलेला.
मधली एक पट्टी ओलीनं बसते ती उठत नाही.
"मग तिच्या बाजूने जा," ऑर्विल म्हणतो,
"आणि सरळ चालू नकोस गं, जरा लंगड.
बोटीवरून उतरल्यावर चालतेस ना, तशी."

हे मात्र मला एका दमात कळलं.

आणि तिसऱ्या आवर्तनात, नवव्या घरात,
त्या फाइलीत कुणीतरी खोकतं.
दबकून, तोंडावर हात धरून खोकावं तसं.
आधी दचकायचे.
मग वाट बघायला लागले.
सहा महिन्यांत असं झालं की
खोकल्याच्या अलीकडे मी एक सूर ठेवायची,
पलीकडे दोन,
आणि तेवढी मात्रा त्याला सोडायची.

शेवटी विचारलं, कोण आहे तो?
ऑर्विल कॅमेऱ्याच्या कडेला कुठेतरी बघत राहिला.
माझ्या पोटात खड्डा पडला. म्हटलं, विचारायला नको होतं.
"क्लेटस. ड्रमवर.
एका तासाचं भाडं भरलेलं, हीटर बंद,
पुन्हा वाजवायला पैसे नव्हते."
आणि आता?
"टेनेसीत, बहिणीकडे. कोंबड्या पाळतो.
अजूनही ठणठणीत खोकतो."

मी इतकी हसले
की माझं हसू त्याच्यापर्यंत पोचलं
तेव्हा तो दुसरंच काही सांगत होता.

मे महिन्यात नवी फाइल आली.
स्वच्छ. पैसे भरून केलेली.
प्रत्येक झांज काचेसारखी.
तिसरं आवर्तन, आठवं घर, नववं,
आणि माझा हात हवेत.
कुणी खोकलंच नाही.
मी पडले, तीही सपशेल,
पहिल्या महिन्यात पडायचे तशी.
"काय झालं?" ऑर्विल.
काही नाही, म्हटलं. जुनी पाठव.

सोमवारी शेडमध्ये
वीस जणी ओळीने, रबरी एप्रन, रेडिओ बंद पडलेला.
सुऱ्यांचा आवाज, शिंपल्यांचा ढीग,
कुणी घाईत, कुणी मागे रेंगाळत.
मी डझन मोजत नव्हते, घरं मोजत होते.
पलीकडच्या टेबलावर पानिया
कोपरात तोंड खुपसून खोकली.

मी एक मात्रा थांबले.
मग सुरी घातली.