कलम सात

मे महिना. विद्यापीठाच्या उपकेंद्राचं वसतिगृह,
मागं ताकारीचा कालवा, पुढं कडेगावचा रस्ता.
एक्केचाळीस पोरं, आठ ते तेरा वयाची,
आणि माझ्या हातात हमीपत्रांचा गठ्ठा,
कडा घामानं मऊ झालेल्या.

कलम सात वकिलांनी घातलेलं:
'शिबिरकाळात पाल्याचे काही बरेवाईट झाल्यास
विद्यापीठ जबाबदार राहणार नाही.'
बरेवाईट.
म्हणायचं होतं वाईटच.
सोबतीला बरं कशाला आणलं, कुणास ठाऊक.

बहुतेकांनी वाचलं नाही. फुली तिथं सही.
वाचलं एकानं. दस्तगीर शिकलगार,
मिरजेचा, हळदीच्या ट्रकवर ड्रायव्हर.
बोट ठेवून, अक्षर अक्षर,
कलम सातखाली पिवळी रेघ उमटवत.
मग चष्मा कपाळावर सारून म्हणाला,
"म्हंजे तुमी न्हाई. मग कोन, बाई?"

मागं रांग होती. पंख्याखाली कागद उडत होते.
मी म्हटलं, सही इथं करा.

विम्यात पोहणं बसत नाही,
म्हणून वेळापत्रकात पोहणं नाही.
पण कालव्याला कुठं ठाऊक
तो विम्यात बसत नाही ते.
विहिरीवर जाळी टाकून घेतली,
पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात तीनदा विचारलं
आवर्तन कधी सुटणार.
पार्श्व मगदूमच्या आईनं ॲलर्जीपुढं लिहिलेलं, शेंगदाणे.
सरूबाई म्हणाली, कुटाबिगर भाजी? ती कसली भाजी?
आणि नऊ दिवस बिनकुटाची भाजी केली,
रोज नाक मुरडत,
रोज पातेलं स्वतः घासून.

पाचव्या रात्री दोन वाजता मोजलं तर चाळीस.
पुन्हा मोजलं, वाकून, पायांवर हात ठेवत.
चाळीस.
त्याच दुपारी पाणी सुटलं होतं,
त्याचा आवाज खोलीभर.
मला आधी कलम सात आठवलं.
पोराचं नाव नंतर.
हे कुठल्याच नोंदवहीत नाही.

गेटवर दिवा चालू होता.
पहारेकरी धोंडिराम मदने स्टुलावर,
चार हात लांब जुनैद, गज धरून उभा,
मधे सरूबाई, डोक्यावर पदर घेऊन पेंगत.
"एकट्या पोरापाशी एकट्यानं बसायचं न्हाई,
तुमीच सांगितलंसा. म्हनून हिला उठवली.
बाप जातोय म्हनं ह्याचा हितनं, कराडला.
बघितल्याबिगर झोपायचं न्हाई म्हनतंय."

मी ओरडायला तोंड उघडलं होतं.
तेवढ्यात वळणावर उजेड आला.
ट्रक थांबला नाही, फक्त सावकाश झाला.
दोनदा हॉर्न.
पोरानं गजातून हात बाहेर काढला, कोपरापर्यंत,
आणि धूळ बसेपर्यंत तसाच ठेवला.

सकाळी नोंदवहीत लिहिलं:
रात्री दोन वाजता एक मूल गेटपर्यंत गेले.
दाराला कडी नव्हती. मी झोपले होते.
दुपारी कुलसचिवांच्या कार्यालयातून फोन,
"इजा नाही ना झाली? मग नोंद कशाला, मॅडम?
उद्या हाच कागद कुणी कोर्टात दाखवला तर?"
मी म्हटलं, दाखवू दे.
म्हटलं खरं. रात्रभर पोटात खड्डा होता.
सुताराला बोलावून कडी बसवली,
आतून पोराला काढता येईल अशा उंचीवर,
म्हणजे आग लागली तर,
आणि तिला घुंगरू बांधलं.

शेवटच्या दिवशी दस्तगीर आला.
'पाल्य सुखरूप मिळाले', खाली सही.
पुन्हा बोट, पुन्हा अक्षर अक्षर.
मग कागद माझ्याकडं फिरवला,
"आन् तुमची? तुमची सही कुठं हाय?"

माझ्यासाठी रकाना नव्हता.
समासात केली, आडवी,
तिन्ही प्रतींवर.