त्रेसष्ट मायक्रॉन

दोनापावलच्या गेटवर साडेआठलाच एकशे चौदा जण.
जागा एक. सहा महिन्यांची,
वाढलीच तर वर्षाची,
आणि जाहिरातीच्या तळाशी नेहमीच्या दोन ओळी :
प्रवासखर्च मिळणार नाही.
या नेमणुकीवरून कायम नोकरीचा हक्क सांगता येणार नाही.

टोकन वाटायला मला बसवलंय.
एरवी मी मागच्या खोलीत गाळ चाळतो.
समुद्राच्या तळातून नळीत भरून आलेला चिखल
त्रेसष्ट मायक्रॉनच्या चाळणीवर ओततो,
नळ बारीक सोडतो,
बोट न लावता थांबतो.
चिकणमाती निघून जाते. वर उरतात
रव्याहून बारीक शंख,
त्यांच्यासाठी ही एवढी इमारत.

आज माणसं.
लातूरहून रात्रभर बसून आलेला एक,
पणजीच्या स्टँडवर शर्ट बदललेला, घड्या तशाच.
कोचीची एक, आईसकट.
एकाचं वय अठ्ठावीस वर्षं चार दिवस.
चार दिवसांसाठी मी त्याला परत पाठवला.
भांडला नाही. पाणी कुठे मिळेल, एवढंच विचारलं.

टोकन एकाहत्तर : सुलक्षा गावस, केरी, सत्तरी.
प्राणिशास्त्र, एम.एस्सी.,
फाईलला रबरबँड, चपलेला लाल माती.
‘समुद्र पाहिलायस ना गो?’ मी सहज.
‘लांबून,’ म्हणाली. ‘आमची म्हादई.’

त्या खोलीचं दार नीट लागत नाही
(तक्रार गेल्या वर्षीच दिलीय)
म्हणून ऐकू आलं :
जहाजावर चाळीस दिवस. लाटा. जमेल?
‘उलट्या होतील, सर.
बादली शेजारी ठेवीन आणि मोजत राहीन.’
आत कुणीतरी हसलं.
मग बराच वेळ नुसता पंखा,
मग ‘नेक्स्ट’.

पाच वाजता यादी मीच लावली.
चार टाचण्या, एक गंजकी.
वर भलतंच नाव.
तिचं खाली. वेटिंग, तीन.

‘वेटिंग म्हणजे काय हो, खरंखरं?’
तिला पणजी गाठायची होती, मग साखळी, मग केरी.
मी सांगणार होतो
की अकरा वर्षांपूर्वी वेटिंग चार मी होतो.
निवडलेला आलाच नाही,
पहिला जर्मनीला गेला, दुसरीचं लग्न ठरलं,
तिसरा बँकेत लागला,
आणि एका मंगळवारी मला फोन आला.
तेव्हापासून सहा-सहा महिने.
बावीस वेळा रुजू झालोय मी इथे,
मध्ये एकेका दिवसाचा खंड पाडून,
म्हणजे कागदावर मी सलग कधी नव्हतोच.
तेविसावं पत्र अजून नाही. महिना संपत आलाय.

सांगितलं नाही.
म्हटलं, ‘फोन चालू ठेव.’

खोलीत येऊन दिवा लावला.
काल एका बशीत गुलाबी रंग घालून ठेवला होता.
तो एवढंच कळवतो :
गाळ वर काढला त्या घटकेला
आत कोण जिवंत होतं.
बाकीचे पांढरे राहतात, सुंदर, रिकामे.

भिंगाखाली बशी सरकवली.
सतरा गुलाबी.
अठरावं सांगता येईना,
कडेला नुसती छटा होती.
वहीत त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह केलं,
पेन्सिलीनं.