बंपर

जुना हरणाने नेला. ऑक्टोबरात,
यॉर्कटनच्या अलीकडे, तिन्हीसांजेला.
ट्रकला नवा घालायची किंमत ऐकून मी फोन ठेवला
आणि लिलावातून वेल्डिंग मशीन आणलं.

पहिला सांधा : कोंबडीची शीट.
दुसरा : तीच, पण लांब.
तिसऱ्याला पत्र्याला भोक पडलं
आणि माझ्या बुटाच्या नाडीने पेट घेतला.

ओरेस्ट ह्नातियुक शेजारून आला,
पाइपलाइनवर चाळीस हिवाळे वाकलेला.
बोलला नाही. हातोडी मागितली.
एकच ठोका. माझा अख्खा आठवडा
दोन तुकडे होऊन काँक्रीटवर.
"वरून चिकटलंय," म्हणाला, "आत शिरलं नाही.
ठिणग्यांकडे नको बघू. डबक्याकडे बघ."

मग काचेआडच्या हिरव्या अंधारात
वाटाण्याएवढं डबकं मी हाकत राहिले,
श्वास रोखून, जसं झोपलेलं पोर
एका खांद्यावरून दुसऱ्यावर घ्यावं.

चार इंची पाइप, मोडक्या नांगराची पट्टी.
तापून पोलाद डावीकडे ओढलं गेलं,
दोन बोटं वाकडं राहिलं. राहू दे.
ओरेस्टने पुन्हा हातोडी मागितली.
तीन घाव. कोठार घुमलं.
हातोडी परत देत म्हणाला,
"काळा रंग दे. जाड."

काल रात्री त्याच वळणावर
तसेच डोळे, दोन हिरवे दिवे.
पुढे ऐंशी किलो पोलाद माझं
आणि पाय माझा ब्रेकवर, टाचेपर्यंत.
ते उभं. मी उभी. इंजिन धापा टाकतंय.
मग ते सावकाश निघून गेलं,
नेमकं वाकड्या बाजूने.