उतार

सिने स्प्लेंदिद आता टायरचं दुकान आहे.
बेरुत्ती प्रत्येक टायरखाली वीट लावतो;
नाही लावली, तर तो निघतो
आपला आपण, उतारानं,
जिथे पडदा होता तिकडे.

पालिकेच्या दप्तरात इमारतीचं नाव
'गोदाम, क्रमांक अकरा'.
वर्तमानपत्राची दोन वर्षं उंदरांनी खाल्ली,
तिसऱ्यात एक ओळ: पुरामुळे खेळ रद्द.

मग एतेल्वीनाबाईंकडे गेलो.
साठ वर्षांपूर्वी त्या तिकीटखिडकीत बसायच्या.
येर्बाचा कडू चहा ओतता ओतता म्हणाल्या,
पूर? पूर पायरीला शिवून गेला नुसता.
उरुग्वे नदीपलीकडून, अर्जेंटिनातून,
रिळांची पेटीच आली नाही.
तरी लोक बसून राहिले तासभर
कोऱ्या पडद्यासमोर
शेंगा सोलत.

शेवटच्या रात्रीच्या हिशेबात तिकिटं चार.
"पाच जण होते," त्या म्हणाल्या.
पाचवा कोण, ते काही सांगेनात.
ऐंशी उलटलेल्या बाई,
कानाच्या पाळ्या लाल.

टिपणात मी चारच लिहिले.

परतताना दुकानात डोकावलो,
बेरुत्तीला म्हटलं,
एक वीट काढ बघू.