निव्वळ

सावद्याला केळीच्या मंडीबाहेर वजनकाटा आहे,
मालक वेगळा, पण काटा माझाच.
अठरा वर्षं ट्रक चढला की पत्रा कण्हतो
आणि मला ते पाठीत ऐकू येतं.
आधी रिकामा, मग भरलेला,
वजाबाकी करून पावतीवर तिसरा आकडा: निव्वळ.
दिल्लीवाला पैसे देतो ते त्या तिसऱ्याचे.
बाकी सगळं लोखंड, टायर, डिझेल
आणि क्लिनरची वळकटी.

एका अमावस्येला, मंडी बंद,
मी स्वतःच जाऊन पत्र्यावर उभा राहिलो
आणि काचेतून वाकून पाहिलं: १००.
हा काटा दहा-दहा किलोंनी मोजतो,
माणसाची त्याला किंमत नाही.
शंभर म्हणजे पंच्याण्णवही असेल, म्हटलं.
पण केबिनच्या सात पायऱ्या चढून आलो
तेव्हा पाचवीवर थांबलो होतो,
आणि हे मी कुणाच्या पावतीवर लिहिलं नाही.

फैजपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उपाशी राहू नका.
कळण्याची भाकरी खा, वरण खा, पालेभाजी पोटभर,
केळी तर तुमच्या दारात.
फक्त तेल नको. दूध-तूपही नको.
बाहेर येऊन मी स्कूटरवर बसलो,
किल्ली फिरवली नाही बराच वेळ.

पहिला महिना वाईट.
समोरच्या ढाब्यावर शेवभाजी,
वर तर्रीचा लाल तवंग,
वारा नेमका माझ्याकडेच.
घरी ज्योत्स्ना कढईत पाण्याचा हबका मारून कांदा परतायची
आणि तोंड फिरवायची.
"चर्र झालं नाही तर फोडणी कसली?
पाहुण्याला या न म्हणता घरात घेतल्यासारखं."
शेजारीण हळूच विचारून गेली,
भाऊंना काही मोठं दुखणं तर नाही ना.

पौषात वासुदेव नेहेतेच्या मळ्यात भरीत.
कापसाच्या काड्यांवर वांगी काळी पडली,
साली निघाल्या, बडजीत मिरच्यांसकट ठेचून झाली,
कढईत फल्लीतेल बोटभर उभं.
मी म्हटलं, माझं आधीच काढा.
शेकोटीभोवती सगळे गप्प.
"तेल नही त भरीत कसं रे? तुले झालं काय?"

खाल्लं.
धूर. मिरची. कांद्याची हिरवी पात.
आणि मग, मागून, सावकाश,
वांगं.
पन्नाशीला आलो, आणि वांगं आता भेटलं.
इतकी वर्षं मी तेलच खात होतो वांग्याच्या नावावर.
मुरली फेगडेनं न बोलता ताट पुढे केलं,
"तसलं मलेही दे जरा."

सगळंच काही सरळ झालं नाही.
गुडघा अजून वाजतो.
भाचीच्या लग्नात खापरावरचे मांडे होते
आणि वाटीत तूप. खाल्ले. किती, ते विचारू नका.
काट्यावरचा माणूस सगळंच मोजत नाही.

पण महिन्याला एक संपायचा तो तेलाचा डबा
दिवाळीला आणलेला, होळीला अर्धाही नाही.
आणि परवा पत्र्यावर उभा राहिलो तर ८०.
म्हणजे पंच्याऐंशी असेल.
ह्या खेपेला मी जास्तीचं धरलं.
म्हणजे पंधरा. म्हणजे एक अख्खा डबा,
जो मी अठरा वर्षं सात पायऱ्या
वर नेत होतो, खाली आणत होतो,
भाडं न घेता.

पूर्वी चार वाजता माझी मान पडायची,
ड्रायव्हर हॉर्न मारून मला उठवायचे.
आता चार वाजता मी जागा असतो
आणि काय करावं ते कळत नाही.
खिडकीतून केळीच्या बागांपलीकडे
सातपुड्याच्या रांगा मोजतो: तीन.
कधी चौथीही, फार पुसट, असेल-नसेल अशी.
ती काय आज उगवली नाही.

दिल्लीहून एक गाडी रिकामी परत येते.
पत्रा कण्हत नाही, नुसता टण्ण करतो.
हॉर्न वाजायच्या आत
मी पायऱ्या उतरून खाली.