खोली नंबर सात, चोपडा

आश्विनातली रात्र, नऊ चाळीस.
लाइट गेलेली. जनरेटरला डिझेल नाही.
बाकावर रुबाब तडवी, वैजापूरकडचा,
म्हशीनं दाव्यासकट ओढलेलं मनगट
मांडीवर घेऊन,
दुसऱ्याचं सामान सांभाळत बसावं तसा.

मी दारात. एकोणीस वर्षं हेच काम :
हलू नका. श्वास धरा. सोडा.
काचेच्या नळीत एक तापलेली तार,
तिच्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन
सत्तर हजार व्होल्टच्या उतारावरून धावत येतात
आणि टंगस्टनवर आदळतात.
थांबताना अंगातलं जे टाकून देतात
ते तुमच्यातून आरपार जातं,
हाडापाशी तेवढं अडतं.
एवढंच आहे ते. धावणं, आणि एकदम थांबणं.

तिकडे सातपुड्यावर ढग उभा होता,
लोहाराच्या ऐरणीसारखा माथा पसरून.
हलके हिमकण वर, जड गारा खाली,
जाता-येता एकमेकांना घासत,
भावकीत वाटणी व्हावी तसा
भार वेगळा काढत होते.
दहा कोटी व्होल्ट, फिरके मॅडम म्हणतात.
कॉलेजात फिजिक्स शिकवतात.
वनखात्याच्या मनोऱ्यावर, रुबाबच्या घराच्या वरच्या अंगाला,
त्यांनी एक डबा बांधलाय :
आत मिठाच्या जातीचा एक स्फटिक,
बाहेरून सायकलच्या ट्यूबची पट्टी, पाणी शिरू नये म्हणून.
किरण लागला की स्फटिक चमकतो,
चमकला की मोजला जातो.
बॅटरी बदलायला रुबाब. महिना तीनशे रुपये.

त्यांनीच मला समजावलं होतं, चहावर साय येईपर्यंत :
हवेतून इलेक्ट्रॉननं धावणं म्हणजे
बाजाराच्या दिवशी गर्दीतून सायकल काढणं.
ज्याला त्याला धक्का, पुढे सरकणं नाही.
पण एखादा आधीच इतक्या वेगात येतो
की हवेला त्याला धरायला फुरसतच मिळत नाही.
मग ढग त्याला ढकलतच राहतो.
तो दुसऱ्याला उठवतो, ते दोघं आणखी दोघांना,
पाहता पाहता जत्रा.
पहिला कुठून आला?
कुठलातरी तारा फुटला होता, म्हणाल्या,
तेव्हा इथं माणूस नसेल, तापी असेल-नसेल.
नळी नाही, टंगस्टन नाही.
हवाच त्यांची भिंत.

"साहेब," रुबाब म्हणाला, "वर बी तुमनंच मशीन शे का?"
मी म्हटलं, आहे.
फक्त श्वास धरा म्हणणारं कोणी नाही.

मग वीज. डोंगराची कड, पिंपळ,
पार्किंगमधली अँब्युलन्स, त्याची दाढी.
आवाज आलाच नाही, इतकं लांब होतं ते.

चार दिवसांनी मॅडम लॅपटॉप घेऊन आल्या.
पडद्यावर एक रेघ, नऊ वाजून त्रेचाळीस मिनिटांपासून
हळूहळू चढत गेलेली, चाळीस सेकंद,
आणि मग कात्रीनं कापावी तशी खाली.
कापली ती विजेनं.
आम्ही दोघांनी जिला सुरुवात समजून पाहिलं
ती शेवट होती.
त्याआधी चाळीस सेकंद तिथं उजेड होता.
डोळ्यांसाठी नव्हता, एवढंच.
त्या उजेडात रुबाबचं घर होतं, वाळत घातलेलं धोतर,
आणि ती म्हैस, गुन्हेगार,
रवंथ करत उभी,
तिच्या बरगड्या आरपार,
मागे फिल्म धरायला कोणी नाही.
धोका? मी विचारलं, धंद्याची सवय.
विमानानं दिल्लीला जाण्याएवढाही नाही, म्हणाल्या.

माझ्या खिशावरचा बॅज दर तीन महिन्यांनी तपासायला जातो.
उत्तर येतं : नोंद घेण्याजोगं काही नाही.
एकोणीस वर्षं हेच उत्तर. बरंच आहे.

रुबाबचा फोटो रात्री अकराला निघाला होता.
मनगटाशी केसाएवढी चीर.
तिला मी वीज वगैरे म्हणणार नाही.
प्लास्टर, सहा आठवडे.
पुढच्या बाजाराला तो फिल्म न्यायला आला,
बाहेर पायरीवर गेला
आणि सगळेच धरतात तशी ती धरली,
आभाळाकडे.